गलबतावरचं आंब्याचं झाड

तो आमच्या दुकानाच्या पायरीवर आला, तेव्हा त्याने छत्री पुस्तकावर धरली होती आणि स्वतः चिंब भिजत होता.

श्रावणातली दुपार. ऊन आणि पाऊस दोन्ही एकदमच पडत होतं. बाबा शाळेच्या वह्या पोचवायला गेले होते आणि मी एकटीच भुईवर बसून एका जाडजूड ग्रंथाची जुनी शिवण उसवत होते. हाताला कोपरापर्यंत खळ, केस सुटलेले, पदर खोचलेला... थोडक्यात, कुणी यावं अशी काही माझी अवस्था नव्हती.

"बांधणीवाले बळीराम म्हात्रे...?" त्याने विचारलं.

"बाहेर गेलेत. मी आहे ना."

"नाही, म्हणजे — पुस्तक जरा नाजूक आहे हो."

"मग काय झालं? मी पुस्तकं दगडाने ठेचून बांधत नाही. द्या इकडे."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मी उठले, हात धुतले, पदराला पुसले आणि दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. शाळेत नखं तपासतात ना, तसे! तो हसला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून गालावर आलं, आणि मला उगाचच वाटलं, याला पंचा द्यावा. पण दिला नाही. एवढ्या लवकर कशाला?

हे सत्तावन्न सालातलं. आमचं दुकान पनवेलच्या बाजारात, एका बोळाच्या तोंडाशी. बाबा मूळचे खाडीकाठच्या गावातले, मिठागरावर काम करणारे. मिठाच्या पाण्याने पायांना भेगा पडून जखमा भरेनाशा झाल्या, तेव्हा ते मुंबईला एका छापखान्यात गेले, बांधणी शिकले आणि परत येऊन पनवेलला दुकान थाटलं. आई मी मॅट्रिकला असताना गेली. मॅट्रिक झाल्यावर मी बाबांच्या हाताखाली बसले ती बसलेच. वाचनालयाची फाटकी पुस्तकं गठ्ठ्याने आमच्याकडे यायची, आणि मी शिवण घालण्याआधी प्रत्येक पुस्तक वाचून काढायची. बाबा म्हणायचे, "वेणू, तू शिवतेस कमी नि वाचतेस जास्त."

मी पुस्तकावर गुंडाळलेलं मेणकापड सोडलं. आत चामड्याचं छोटंसं पुस्तक होतं. पाठ सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. कागद मात्र असा टणक, की बोटाने हलवला तर वाजायचा. अक्षरं इंग्रजी, पण एकही शब्द ओळखीचा नाही.

"हे इंग्रजी नाही."

"लॅटिन आहे."

"तुम्हाला येतं?"

"येतं थोडंफार. मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. दयाराम कोळी. उरणजवळच्या करंजाचा."

मी मान वर करून पाहिलं. करंजाचा कोळी आणि लॅटिन! माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असावं, कारण तो म्हणाला, "सगळे असंच बघतात. कॉलेजात संस्कृत घेतलं होतं पहिल्यांदा. पण मी श्लोक म्हणायला लागलो, की वर्ग हसायचा. माझ्या जिभेवर आमच्या बंदराचं मीठ होतं ना! 'ह' कुठे गेला, 'ळ' कुठे गेला... म्हणून लॅटिनच्या वर्गात जाऊन बसलो. तिथे कुणालाच काही येत नव्हतं. सगळे सारखे."

ते त्याने इतक्या सहज सांगितलं, की मला त्या हसणाऱ्या मुलांचा राग आला. त्याचं लॅटिन शिकवणारे म्हातारे पाद्री मायदेशी परत जाताना हे पुस्तक त्याला देऊन गेले होते.

"आणि आहे काय यात? प्रार्थना?"

"कादंबरी."

"चेष्टा करता का? लॅटिन तर मेलेली भाषा. मेलेल्या भाषेत कोण कादंबरी लिहील?"

"पुष्कळांनी लिहिल्या." तो पायरीवरच बसला. पाऊस थांबला होता, तरी त्याची जायची चिन्हं नव्हती. "तिकडे लोक घरी आपापली भाषा बोलायचे आणि लिहायला बसले की लॅटिन. आपले पंडित नाही का घरात मराठी बोलून संस्कृतात लिहायचे? तीनशे वर्षांपूर्वी लॅटिन कादंबऱ्या साऱ्या युरोपात वाचल्या जायच्या. कुठे राजदरबारातली माणसं खोट्या नावांनी घातलेली, कुठे चंद्रावरचा प्रवास, कुठे कुणी न पाहिलेली बेटं. मग प्रत्येक देशाने त्या आपल्या भाषेत करून घेतल्या, त्यांवरून नव्या रचल्या... आणि मूळ पुस्तकं विसरली गेली."

"गोष्ट काय आहे या पुस्तकात?"

"एक खलाशी असतो. त्याचं गलबत फुटतं आणि तो एका बेटावर लागतो. त्या बेटावर कायदा असा, की कुणी खोटं बोलायचं नाही. राजाची मुलगी रोज संध्याकाळी त्याला एक प्रश्न विचारते. पहिल्या संध्याकाळी ती विचारते..."

"'तुझ्या घरी कोण वाट बघतंय?'" मी म्हणाले. "आणि तो म्हणतो, 'कुणीच नाही.' त्या बेटावर तर खरंच बोलायचं असतं, म्हणून तिला रडू येतं."

त्याचं तोंड उघडं राहिलं. खरोखर उघडं!

"तुम्हाला... लॅटिन येतं?"

मी हात लांब केला. फळीवरून एक पुडकं काढून त्याच्यापुढे ठेवलं. वाचनालयाने रद्दीत टाकलेलं, पुढची आणि मागची पानं गेलेलं एक जुनं मराठी पुस्तक होतं ते. नाव नाही, कर्ता नाही. माझ्या फार आवडीचं, म्हणून मी ते स्वतःसाठी शिवून ठेवलं होतं. खलाशाऐवजी त्यात गलबताच्या तांडेलाचा पोरगा होता, आणि बेटावर नारळी-पोफळी होत्या. पण प्रश्न तोच, उत्तरही तेच.

तो उभ्याउभ्या चार पानं वाचत राहिला. त्याच्या बाहीतलं पाणी माझ्या खळीच्या वाडग्यात टपटप पडत होतं... आणि मी वाडगा सरकवला नाही.

*

मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की तो यायचा. बाबा एका बाजूला शिकंज्यात पुस्तकं दाबत बसलेले, मी दुसऱ्या बाजूला सुईदोरा घेऊन, आणि मध्ये स्टुलावर तो. तो लॅटिनवरून एक वाक्य मराठीत सांगायचा, मी माझ्या पुस्तकात तेच वाक्य शोधायची. कधी शब्दाला शब्द जुळायचा, कधी पानंच्या पानं गायब असायची. बाबा अधूनमधून विचारायचे, "मास्तर, त्या राजाच्या पोरीचा काय झाला पुढं?" त्यांना फक्त तेवढीच काळजी.

मी त्याचं पुस्तक हळूहळू शिवत होते. खरं सांगायचं तर फार हळू! एका शनिवारी त्याने विचारलंच.

"आठ दिवसांत बारा पानंच शिवून झाली?"

"नाजूक आहे, तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो होतो."

"घाई असेल तर मुंबईला न्या. तिथे यंत्रावर शिवतात."

"नको, नको," तो घाईने म्हणाला. "मला... यंत्राचा भरवसा नाही."

बाबा खोकले. मी सुईत दोरा ओवायला लागले, आणि तीनदा चुकले.

कधी त्याला खूप आनंद झाला, की त्याची शाळेतली भाषा गळून पडायची. "ह्यो बघा, ह्यो बघा, सेम हाय!" असं तो ओरडायचा आणि लगेच जीभ चावायचा. एकदा मी म्हणाले, "चावू नका. आमच्या घरातही हायच हाय." त्या दिवसापासून बाबा त्याला 'मास्तर' सोडून 'दयाराम' म्हणायला लागले.

भाद्रपद संपत आला असेल तेव्हा. मी त्याला म्हणाले, "मला एक गोष्ट कधी कळलीच नाही. लहानपणापासून खटकते. हे ऐका — 'नायक गलबताच्या मध्यभागी असलेल्या आम्रवृक्षावर चढून राजकन्येच्या महालाकडे पाहू लागला.' आता मला सांगा, गलबतावर आंब्याचं झाड आलं कुठून?"

बाबा हसायला लागले. तोही हसला. पण हसता हसता एकाएकी थांबला आणि त्याने लॅटिन पुस्तक ओढून घेतलं. पानं उलटली. बोट एका ओळीवर नेऊन ठेवलं.

"मालुस," तो पुटपुटला.

"काय?"

"मालुस! लॅटिनमध्ये मालुस म्हणजे डोलकाठी. आमच्या होडीला असते ती. आणि मालुस म्हणजेच सफरचंदाचं झाडसुद्धा! एकच शब्द, दोन अर्थ. मूळ पुस्तकात तो डोलकाठीवर चढतो. मधल्या कुणी तरी भाषांतर करताना सफरचंदाचं झाड केलं. आणि मराठी लिहिणाऱ्याने विचार केला असेल, कोकणातल्या वाचकाने सफरचंद कुठे पाहिलंय..."

"म्हणून आंबा!" मी ओरडले.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बाहेर बाजारात कुणी तरी पडवळांचा भाव करत होतं. तो हळूच म्हणाला, "वेणूबाई, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? दोन पुस्तकांची गोष्ट सारखी असली, तर योगायोग म्हणता येईल. पण एकातली चूक दुसऱ्यातल्या शब्दामुळे झाली असली, तर नातं असतं. तुमचं हे पुस्तक माझ्या पुस्तकाचं नातवंड आहे. आणि ते तुम्ही ओळखलंत."

"मी कुठे ओळखलं? मी नुसतं विचारलं."

"तेच. मी लॅटिन शिकलो आणि मला ते दिसलं नाही. मी डोलकाठी वाचून पुढे गेलो."

'वेणूबाई' त्याने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. मी रात्रीच्या भाकऱ्या करताना ते चारदा मनात म्हणून बघितलं.

*

आता प्रश्न पडला, की आमच्या पुस्तकाची गेलेली पानं कुठे मिळतील. वाचनालयाचे चिटणीस कमळाकरराव म्हणाले, चिरनेरला काशिराम मास्तर म्हणून एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे जुन्या पुस्तकांची पेटी आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं एसटीने निघालो. तिघं म्हणजे अर्थात बाबासुद्धा. खिडकीजवळ मी, मध्ये बाबा आणि पलीकडे तो. भाताची कापणी चालली होती, वाऱ्याला पेंढ्याचा वास येत होता. बाबांना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं पुढे झुकलं, तेव्हा आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसले. दोघांनीही लगेच बाहेर पाहिलं. एसटीत बाहेर बघण्यासारखं फार असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

काशिराम मास्तर जंगल सत्याग्रहातले. तुरुंगात जाऊन आलेले, पाठीत वाकलेले, पण आवाज खणखणीत. "पोलीस सगळं घेऊन गेले, पण पुस्तकांची पेटी ठेवली," ते म्हणाले. "त्यांना वाटलं, पुस्तकांनी कुणाचं काय बिघडतंय!" पेटीत तळाशी आमचं पुस्तक निघालं. अखंड. पहिल्या पानावर लिहिलं होतं — 'सत्यपुरी बेटाची मनोरंजक हकीकत. फ्रेंचावरून इंग्रजीत व इंग्रजीवरून मराठीत.' कर्त्याचं नाव नव्हतं. 'उरण येथील मिठाच्या कचेरीतील एक कारकून' एवढंच.

"मिठाच्या कचेरीतला?" बाबांची छाती फुगली. "म्हंजे आपलाच मानूस."

"बिचाऱ्याने नावसुद्धा दिलं नाही," मी म्हणाले.

दयारामने शेवटची पानं उलटली. लॅटिन पुस्तकात शेवटी खलाशी बेट सोडून जातो. खोटं बोलल्याशिवाय जगायची त्याला सवयच नसते, आणि राजकन्या किनाऱ्यावर उभी राहते. आमच्या कारकुनाने मात्र त्यांचं लग्न लावलं होतं. पंगतीत काय काय वाढलं, त्याचीच दोन पानं होती.

"याने शेवटच बदलला," दयाराम म्हणाला.

"बरं केलं," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. फार वेळ नाही, एखादं पान उलटायला लागतो तेवढाच वेळ. पण मास्तरांच्या ओटीवर बसलेल्या मला ऐन कार्तिकात उकडायला लागलं.

*

मग त्याने लेख लिहायला घेतला. मुंबईच्या एका मासिकाने मागितला होता. त्याच दिवसांत बाबांकडे पेणचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, शेतीवाडी होती. त्याचे वडील पोहे खाता खाता म्हणाले, "लग्नानंतर पोरीला दुकानात बसायची पाळी आम्ही येऊ देणार नाही." त्यांना वाटलं, ते फार मोठं सुख देतायत. मी आत चहा गाळत होते. माझ्यापुढे शिकंजा, सुया, कातडं, कागदाचा तो वास... सगळं एकदम उभं राहिलं. मी बाबांना म्हटलं, "मला थोडे दिवस द्या." हे सगळं दयारामला बाबांनीच सांगितलं. तो "छान, छान" म्हणाला आणि त्या शनिवारी लवकर उठून गेला.

फेब्रुवारीत मी वाचनालयात गठ्ठा आणायला गेले, तर टेबलावर मासिक पडलेलं. मी उभ्यानेच तो लेख वाचायला लागले. सुंदर लिहिला होता! ते लॅटिन पुस्तक देशोदेशी कसं फिरलं, प्रत्येकाने त्याला आपला सदरा कसा घातला, शेवटी आमच्या खाडीपर्यंत ते कसं आलं. आणि मग हे वाक्य — 'पनवेल येथील एका बांधणीच्या दुकानात प्रस्तुत लेखकास एक जीर्ण मराठी प्रत आढळली.' आढळली! जणू ती प्रत स्वतःच चालत त्याच्याकडे गेली होती. आणि त्याखाली — 'आम्रवृक्षाची विसंगती प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आली.'

मी दोनदा वाचलं. माझं नाव कुठेच नव्हतं. नाव राहू दे, मी तिथे नव्हतेच.

घरी आले आणि त्याच्या पुस्तकाचे उरलेले टाके एका बैठकीत घातले. पाठ चिकटवली, दाबलं, वाळवलं. कागदात गुंडाळून बाबांना दिलं. "शाळेत नेऊन द्या. काम झालं म्हणावं."

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता छत्री घेतली. फेब्रुवारीत. इतके ते गोंधळले होते.

शनिवारी तो आला. स्टुलावर बसला नाही.

"पुस्तक मिळालं. काय झालं?"

मी मासिक पुढे केलं. पान उघडून, ओळीवर बोट ठेवून.

त्याचा चेहरा उतरला. त्याने ती ओळ वाचली. मग म्हणाला, "मी लिहिलं होतं तुमचं नाव. संपादकांचं पत्र आलं. लग्न न झालेल्या मुलीचं नाव एका तरुणाच्या नावाशेजारी छापलं तर लोक बोलतील, गाळावं का? मला वाटलं... पेणचं ठरत होतं तुमचं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी 'गाळा' असं कळवलं."

"मला विचारलंत?"

"...नाही."

"दर शनिवारी इथे बसत होता. वीस-पंचवीस वेळा चहा घेतलात. एवढा एक प्रश्न नाही सुचला?"

त्याने मासिक मिटलं. एखादा म्हणाला असता, तुमच्याच भल्यासाठी केलं. तो तसं म्हणाला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"चुकलो," तो म्हणाला. "भलं-बिलं काही नाही. मी घाबरलो. नाव राहिलं असतं, तर लोक जे बोलले असते ते... ते माझ्या बाजूने खरं होतं. म्हणून घाबरलो."

शिकंज्याचा दांडा फिरवणारे बाबा थांबले आणि "तंबाखू संपला वाटतं," म्हणत बाहेर गेले. तंबाखूची चंची त्यांच्या हातातच होती.

ते वाक्य कानात राहिलं, पण राग गेला नव्हता. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात वाचनालयाचा वार्षिक समारंभ आहे. मला या विषयावर बोलायला सांगितलंय. तिथे मी सगळं खरं सांगतो, तुमचं नाव घेऊन. पण आधी विचारतोय. घेऊ?"

मी विचार केला. दोरा बोटाला गुंडाळला, सोडला.

"नको."

"का?"

"नाव तुम्ही घ्यायचं, टाळ्या लोकांनी वाजवायच्या, आणि मी बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसायचं? मला नाही जमणार. आंब्याच्या झाडाचं मीच सांगेन. लॅटिनचं तुम्ही सांगा."

त्याच्या डोळ्यांत असं काही तरी उजळलं, की मला पटकन पुठ्ठे मोजायला घ्यावे लागले.

*

कमळाकरराव आधी तयार नव्हते. "मुलगी? व्याख्यान? म्हणजे तसं वाईट नाही, पण—" दयाराम म्हणाला, "मग मलाही वगळा." समारंभाला चार दिवस उरले होते आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या. कमळाकररावांनी सुस्कारा सोडला आणि दोन खुर्च्या मांडल्या.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी बाबांना म्हणाले, "पेणला 'नाही' कळवा."

"दयारामसाठी?"

"दयारामचं नंतर बघू. दुकानासाठी. मी दुकान सोडणार नाही."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला नेहमी खळीचा आणि तंबाखूचा वास यायचा. "मी कदी बोललो का सोड?" ते म्हणाले.

वाचनालयाचा दिवाणखाना भरला होता. काशिराम मास्तर चिरनेरहून आले होते, पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून. दयाराम आधी बोलला. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यांची पुस्तकं कशी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेली, आज आपण ज्या दूरदेशच्या नवलकथा वाचतो त्यांतल्या किती तरी त्या जुन्या गोष्टींच्या वंशातल्या कशा आहेत, ते त्याने सोपं करून सांगितलं. मग तो खाली बसला आणि मी उठले.

 पहिलं वाक्य मी पाठ केलेलं, ते विसरलेच. शेवटी म्हणाले, "मी पुस्तकं शिवते. शिवताना वाचते. एका पुस्तकात मला गलबतावर आंब्याचं झाड दिसलं."

कुणी तरी हसलं. मग सगळेच हसले, आणि ते हसू माझ्यावर नव्हतं. मी सांगत गेले. डोलकाठीचं सफरचंद कसं झालं, सफरचंदाचा आंबा कसा झाला. "ज्याने आंबा लावला, तो उरणच्या मिठाच्या कचेरीतला कारकून," मी म्हणाले. "त्याला लॅटिन येत नव्हतं. आपण कुणाच्या गोष्टीचे नातलग झालोय, हे त्याला ठाऊकही नव्हतं. पण परक्या समुद्रातली गोष्ट त्याने आपल्या खाडीत आणून सोडली. त्याने नाव दिलं नाही. म्हणून आज मी माझं सांगते. मी वेणू बळीराम म्हात्रे."

काशिराम मास्तरांनी काठी जमिनीवर आपटली. मग टाळ्या.

परत येताना दिवस मावळत होता. बाबा आणि काशिराम मास्तर पुढे चालत होते, मिठाच्या कराबद्दल मोठमोठ्याने बोलत. आम्ही मागे. वडाळे तळ्याच्या पाण्यावर शेवटचं ऊन पडलं होतं.

"तुमचं पुस्तक बांधून झालं," मी म्हणाले. "आता शनिवारी काय करणार?"

"तोच विचार करतोय."

"लेख झाला. व्याख्यान झालं. यायला कारण उरलं नाही."

"कारण पहिल्यापासूनच नव्हतं," तो म्हणाला. "ते पुस्तक मी घरी बसून एकट्याने चार दिवसांत वाचू शकलो असतो. मी यायचो ते... चहासाठी तर नक्कीच नाही. तुमच्या चहाला खळीचा वास येतो."

"अस्सं!"

"हो." तो थांबला. मीही थांबले. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. एकदा न विचारता चुकलो, म्हणून या वेळी सरळ विचारतो. आणि आता 'नको' म्हणालात, तर का ते विचारणार नाही."

तळ्यावरून वारा आला. माझा पदर त्याच्या हातावर उडाला, आणि मी तो लगेच ओढला नाही.

"मला विचारलंत ते बरं झालं," मी म्हणाले. "आता आईला घेऊन या. बाबांना विचारायचं राहिलंय."

*

दयारामच्या आई, कृष्णाबाई, पाडव्याच्या आधीच्या रविवारी आल्या. हिरवं लुगडं, कानांत जड बुगड्या, डोक्यावर टोपली. टोपलीत सुकट, बोंबील आणि वर फडक्यात बांधलेले दोन ताजे पापलेट. दुकानात पाऊल टाकताच बाजारातली मांजरं पायरीवर जमा झाली. दयाराम पाठोपाठ आला तो थेट फळीकडे तोंड करून उभा राहिला, जणू सगळी पुस्तकं आजच तपासायची होती.

"ही काय?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता माझा हात हातात घेतला. बोटांवरची सुईची भोकं, अंगठ्याचं घट्ट झालेलं कातडं, सगळं निरखून पाहिलं. त्यांचे स्वतःचे हात खवल्यांनी आणि कोयत्याने चिरलेले होते. "कामाचा हात हाय," त्या बाबांना म्हणाल्या.

"आमी आगरी," बाबा चाचरत म्हणाले. "तुमी कोली. तुमच्या लोकांना चालंल ना?"

"आमी मासली देताव, तुमी मीठ देताव. मीठ नाय तं आमची मासली सुकंल कशी?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी सांगते, आमच्यात सून बाजारात मासली विकाया बसते. तू बसशील?"

 फळीपाशी दयारामचे खांदे ताठ झाले. तो मध्ये बोलणार होता, मला कळलं. पण तो बोलला नाही. उत्तर माझं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला मासे आवडतात. साफ करता येतात, शिजवता येतात. पण मी इथेच बसेन, या दुकानात. माझं काम हे आहे."

बाबांनी डोळे मिटले.

कृष्णाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या बुगड्या हलल्या, खांदे हलले, आणि त्या अशा मोठ्याने हसल्या, की पायरीवरची मांजरं पळाली.

"बरा झाला बाय!" त्या म्हणाल्या. "तीस वरसा झाली मना त्या जागेवर बसून. माजी जागा मी कोनाला देनार नवते!"

त्यांनी फडकं सोडलं, पापलेट माझ्या हातांत दिले, आणि बाबांना म्हणाल्या, "याही, आता बोला. वैशाखातली तारीख बघू का?"

फळीपाशी उभ्या असलेल्या माणसाने अजून तोंड वळवलं नव्हतं. पण त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि हातातलं पुस्तक त्याने उलटं धरलं होतं.